खळ्यातली हेरल्ड

हेरल्डचं बॉनेट पुढच्या बाजूला उघडतं. दोन्हीकडचे खटके सोडले की मडगार्ड, दिवे, जाळी यांसकट गाडीचा सगळा पुढचा भाग नाकावर ओणवा होतो आणि इंजिन, स्टिअरिंगचे दांडे, पुढची स्प्रिंग, डेल्को (डिस्ट्रिब्युटर), कार्बोरेटर असं सगळं उघड्यावर येतं. पुढच्या चाकावर बसून टॅपेट जुळवता येतात. गाडी आमच्या खळ्यात उतरवली त्या दिवशी हे बघायला गल्लीतली पोरं जमली होती. ऑइल इंजिनं दुरुस्त करण्यात हयात घालवलेले एक म्हातारे मिस्तरीही आले होते. ते बराच वेळ आत डोकावत राहिले आणि म्हणाले, "भाऊ, ही गाडी घरी खोलता येईल. बनवणाऱ्यानं तसा विचार केलाय." त्या बोलण्याच्या आधारावर मी पाना हातात घेतला. पुढची बारा वर्षं त्यात गेली आणि त्या बारा वर्षांच्या वह्यांमधून हे पुस्तक तयार झालं.

पुस्तक कोणासाठी आहे, हे आधी सांगतो. ज्यांच्या वाड्यात, गोठ्याच्या कडेला किंवा सासरच्या पडवीत ताडपत्रीखाली एक जुनी गाडी उभी आहे, आणि ती भंगारात द्यायची की ठेवायची याची चर्चा दर दिवाळीला होते, त्यांच्यासाठी. माझी गाडी धुळ्याच्या मामांची. ते डॉक्टर होते आणि याच गाडीतून खेड्यापाड्यांत व्हिजिटला जायचे. ते गेल्यावर ती एकोणीस वर्षं जागेवरून हलली नाही. टेम्पोत घालून ती आमच्या प्रकाशा गावी आणली तेव्हा चारही टायर रिमला चिकटले होते, मागच्या सीटमध्ये उंदरांनी घर केलं होतं आणि इंजिन जाम होतं. पण चासी शाबूत होती. त्या चासीची गोष्ट थोडी सविस्तर सांगतो, कारण गाडी घरी दुरुस्त होऊ शकते ती तिच्यामुळे.

इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीच्या स्टँडर्ड-ट्रायम्फ कंपनीनं एप्रिल 1959 मध्ये ट्रायम्फ हेरल्ड बाजारात आणली. त्या काळी मोटारी बनवणाऱ्या बहुतेक कंपन्या वेगळी चासी सोडून अखंड पत्र्याच्या बॉडीकडे वळल्या होत्या. हेरल्ड मात्र जुन्या पद्धतीनं, स्वतंत्र चासीवर उभी राहिली. यामागे अडचण होती. स्टँडर्डला बॉडीचे पत्रे दाबून देणारा फिशर अँड लडलो हा कारखाना 1953 मध्ये बीएमसी या प्रतिस्पर्धी कंपनीनं विकत घेतला. एवढा मोठा सबंध सांगाडा दाबून देणारं दुसरं कोणी हाताशी उरलं नाही. मग असं ठरलं की बॉडी तुकड्यातुकड्यांत करायची, प्रत्येक तुकडा वेगळ्या लहान कारखान्याकडून घ्यायचा आणि सगळे तुकडे चासीवर बोल्टांनी आवळायचे. या तुकड्यांना देखणं रूप दिलं ट्युरिनच्या जोव्हानी मिकेलॉत्ती यांनी. कंपनीला आणखी एक सोय झाली. सुट्या भागांच्या पेट्या भरून गाडी परदेशी पाठवता येऊ लागली आणि तिथले लोक ती जोडू लागले. दूरच्या एका देशातल्या कंपनीची ही कोंडी, आणि तिच्यापायी प्रकाशाच्या खळ्यात मी 14 नंबरच्या चार-दोन बोल्टांवर दार, पायरी, मडगार्ड सुटं करू शकलो. एखादा तुकडा गंजून गेला तरी शेजारच्या तुकड्याला हात लावावा लागत नाही.

इथे वाचकाला प्रश्न पडेल. जुनी स्पोर्ट्स कार म्हटल्यावर डोळ्यांपुढे दोन माणसांची, बुटकी, टप उघडणारी गाडी येते. चार माणसांच्या हेरल्डचा इथे काय संबंध? संबंध रक्ताचा आहे. 1962 मध्ये ट्रायम्फनं हेरल्डच्याच चासीची लांबी कमी केली, त्यावर मिकेलॉत्तींचीच नवी बॉडी बसवली, 1147 सीसीच्या इंजिनावर दोन कार्बोरेटर चढवले आणि तिला स्पिटफायर हे नाव दिलं. 1965 च्या ल मॅन्सच्या 24 तासांच्या शर्यतीत स्पिटफायर आपल्या वर्गात पहिली आली. 1980 पर्यंत ती बनत राहिली आणि तीन लाखांहून जास्त गाड्या रस्त्यावर आल्या. आज जगभर घरोघरच्या शेडमध्ये जुन्या स्पोर्ट्स गाड्या दुरुस्त करत बसलेल्या लोकांत स्पिटफायरवाल्यांची संख्या मोठी आहे. तिचं पुढचं सस्पेन्शन, स्टिअरिंगचा रॅक, ब्रेकचे भाग, इंजिनाचा मूळ गाळा हे सगळं हेरल्डच्या घराण्यातलं. म्हणून स्पिटफायरसाठी आजही नव्यानं बनणारे अनेक सुटे भाग आपल्या हेरल्डला बसतात. भारतात हेरल्ड सांभाळणाऱ्याला याच्याइतका मोठा आधार दुसरा नाही, आणि तरीही पुष्कळांना तो माहीत नसतो. कोणता भाग जसाच्या तसा बसतो, कोणता थोडा घासून बसतो आणि कोणता मुळीच बसत नाही, याचा तक्ता मी पुस्तकात दिला आहे.

आपल्याकडे ही गाडी मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्स ऑफ इंडियानं 1961 पासून बनवली. आयातीवर कडक बंधनं होती. सामान्य माणसाला निवड होती ती कुर्ल्याची फियाट, उत्तरपाड्याची अ‍ॅम्बॅसॅडर आणि मद्रासची स्टँडर्ड यांच्यातली. मद्रासच्या इंजिनियरांनी हेरल्डला हळूहळू आपलंसं केलं. चार दारांची मार्क थ्री त्यांनी 1968 च्या सुमारास काढली. तशी चार दारांची हेरल्ड खुद्द इंग्लंडातही कधी बनली नाही. सत्तरच्या दशकात याच गाडीचं रूप बदलून गझेल आली. तिच्या मागच्या बाजूला साधा, सरळ अ‍ॅक्सल होता. पुढे 1985 मध्ये मोठी स्टँडर्ड 2000 आली, ती चालली नाही आणि कारखान्याचं मोटारी बनवणं थांबलं.

फियाटचं नाव निघालं म्हणून थोडं थांबतो. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली आणि कुर्ल्यात मोटारी बनू लागल्या. कुर्ल्याच्या याच फियाटच्या घराण्यातली, मुंबईत शेवटची नोंदणी झालेली पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची मुदत संपल्यामुळे ऑक्टोबर 2023 अखेर रस्त्यावरून गेली. तेव्हा वर्तमानपत्रांनी हळहळ व्यक्त केली. ती हळहळ मलाही वाटली. तरी तेव्हाच मनात आलं की, एवढ्या हजारो पद्मिनी दुरुस्त करणारे हात मुंबईत होते आणि त्यांच्या हातातलं ज्ञान कोणी मराठीत लिहून ठेवलं? व्हॉल्व्ह कसे ग्राइंड करायचे, कार्बोरेटरचं जेट कसं वाचायचं, डेल्कोतले पॉइंट किती उघडायचे, हे सगळं एका तोंडातून दुसऱ्या कानात गेलं आणि पुष्कळदा तिथेच संपलं. हे पुस्तक लिहायला बसलो, त्याचं खरं कारण हे आहे.

प्रकाशा हे तापीच्या काठचं गाव. केदारेश्वराच्या दर्शनाला आणि अस्थिविसर्जनाला लांबून लोक येतात, गावाला दक्षिणकाशी म्हणतात. बुऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्ता गावावरून जातो. मोटारींच्या जुन्या भागांची बाजारपेठ इथे नाही आणि जवळपासही नाही. तरी जुनी गाडी घरी उभी करण्यासाठी इथे जे आहे ते मोठ्या शहरात मिळायला कठीण आहे. इथे ऊस, पपई, केळी आहेत, म्हणजे पंप आणि ट्रॅक्टर आहेत, आणि विहिरींवर वीज येण्याआधी ऑइल इंजिनं होती. त्या इंजिनांवर तयार झालेली माणसं अजून आहेत. स्लीव्ह ओढणं, रिंग-पिस्टन बदलणं, बेअरिंगचे शेल घासून बसवणं यांत त्यांना परकं काही वाटत नाही. शहाद्याच्या लेथवर माझ्या हेरल्डच्या ब्रेकचे ड्रम साफ झाले. मागच्या कमान-पाट्याचं गेलेलं पान ट्रॉलीचे पाटे बनवणाऱ्या लोहारानं करून दिलं. माझ्या गाडीचं इंजिन 948 सीसीचं, चार सिलिंडरचं. ते बांधताना मिस्तरी म्हणाले होते, "याला चारदा बांधायचं, एवढाच फरक." इंजिन बांधणं हा आपल्या भागातला शब्द मला फार आवडतो. खोललेल्या शेकडो भागांना पुन्हा एकमेकांशी बांधून घ्यायचं असतं, आणि बांधताना कोणाची घाई चालत नाही.

एक अडचण सगळ्यांना येते ती पान्यांची. आपल्या घरातले पाने मिलिमीटरचे आणि हेरल्डचे बोल्ट इंचाचे. 13 चा पाना अर्ध्या इंचाच्या बोल्टावर चालून जातो. 14 चा 9/16 वर बसत नाही, कारण तो बोल्ट सव्वाचौदाच्या जवळ जातो. मग लोक 15 चा घालतात, कोपरे झिजतात आणि शेवटी छिन्नी-हातोडा निघतो. वर मी 14 नंबरचे बोल्ट म्हटलं ते बोलण्याच्या सवयीनं. काम करताना मात्र इंची पान्यांचा एक संच आधी घ्या. सगळ्या खर्चात हा खर्च पहिला.

आता रंगाकडे वळतो, पण आधी थोडं गावच्या पांढरीबद्दल. गावाजवळ तापी-गोमाईच्या संगमावर जुन्या वस्तीची पांढरी आहे. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या बी. के. थापर यांनी 1955 मध्ये तिथे उत्खनन केलं. ताम्रपाषाण काळापासूनचे थर तिथे एकावर एक मिळाले. लहानपणी शिक्षकांनी ते समजावून सांगितलं होतं: वरचा थर सगळ्यांत नवा, खालचा सगळ्यांत जुना, आणि खणणाऱ्यानं थर मिसळले तर सगळी माहिती कायमची जाते. गाडीचा रंग काढायला घेतला तेव्हा मला हेच आठवलं. सगळी गाडी एकदम खरवडण्याऐवजी डाव्या दाराच्या आतल्या घडीत वीतभर जागा निवडली आणि पाण्याच्या कागदानं, वर्तुळात, हलक्या हातानं घासत गेलो. आकाशी, खाली तांबडं प्रायमर, त्याखाली क्रीम, त्याखाली करडं प्रायमर आणि मग पत्रा. उजव्या दारावर तांबडं प्रायमर मिळालं नाही. म्हणजे डावं दार कधीतरी ठोकलं गेलं होतं आणि पत्रा सरळ करून पुन्हा रंगवलं होतं. मामींना विचारलं तेव्हा त्यांनी सांगितलं की, बैलगाडी घासून गेली होती. मूळ रंग क्रीम होता, हे त्या वीतभर जागेनं सांगितलं. ती जागा मी आजही तशीच ठेवली आहे, वर फक्त पारदर्शक लॅकरचा हात दिला आहे.

जुन्या वाहनांच्या जागतिक महासंघानं, म्हणजे फीवानं, 2012 मध्ये ट्युरिनमध्ये एक सनद स्वीकारली. तिचं सार असं: जे मूळ उरलं आहे ते आधी जपा, बदल केलाच तर तो पुढे उलटवता येईल असा करा आणि केलेल्या कामाची नोंद ठेवा. मला ही सनद फार उशिरा वाचायला मिळाली. त्याआधी मी याच्या नेमकं उलट केलं होतं. दुसऱ्याच वर्षी उत्साहानं गाडी एका मोठ्या शहरातल्या गॅरेजात डेंटिंग-पेंटिंगला दिली. परत आली ती आरशासारखी चमकत. दोन पावसाळ्यांत पायऱ्यांवर आणि दिव्यांभोवती फोड आले. मी नखानं टोकरलं तर खाली अर्धा इंच जाडीची लांबी, म्हणजे पुट्टी, निघाली आणि लांबीखाली गंज जसाच्या तसा. मूळ पत्र्यावर ग्राइंडर इतका फिरवला होता की दोन ठिकाणी पत्रा कागदासारखा पातळ झाला होता. क्रीम रंगाचा बराचसा पुरावा त्या ग्राइंडरबरोबर गेला. वीतभर जागा वाचली ती केवळ दाराच्या आतल्या घडीत होती म्हणून.

गंजावर सावकाश चालणारे आणि पत्रा न खाणारे दोन उपाय मी नंतर शिकलो. पहिला मळीचा. एक भाग मळी आणि आठ-दहा भाग पाणी प्लास्टिकच्या पिंपात कालवायचं, गंजलेला लोखंडी भाग त्यात बुडवायचा आणि दोन-तीन आठवडे हात लावायचा नाही. मळीतली द्रव्यं गंजाला धरून विरघळवतात, चांगल्या लोखंडाला फारसं खात नाहीत. भाग बाहेर काढून धुतला की काळसर, स्वच्छ धातू दिसतो. तो त्याच दिवशी वाळवून प्रायमर मारायला हवा, नाहीतर रात्रीत पुन्हा तांबूस होतो. अ‍ॅल्युमिनियम आणि जस्ताचे ओतीव भाग, म्हणजे कार्बोरेटर, दारांच्या मुठी, मळीत कधीही टाकू नका, ते खराब होतात. आमच्या भागात साखर कारखाना आहे म्हणून मळी आमच्या ओळखीची. पण तिच्या विक्रीवर सरकारचं नियंत्रण असतं, तेव्हा ती रीतसर मिळवा. दुसरा उपाय धुण्याचा सोडा आणि बॅटरी चार्जरचा. त्यात ऋण टोक गंजलेल्या भागाला आणि धन टोक साध्या लोखंडी पट्टीला लावतात. पट्टी स्टेनलेस स्टीलची घेऊ नये, तिच्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. हे काम उघड्यावरच करा, कारण त्यातून हायड्रोजन निघतो.

उसाचा दुसरा धागा आपल्याला कमी सुखाचा आहे. पेट्रोलमध्ये आता 20 टक्के इथेनॉल असतं आणि त्यातलं काही इथेनॉल आपल्याच उसातून येतं. माझ्या शेतातल्या उसाला भाव मिळतो याचा मला आनंद आहे. पण 1960 च्या दशकातल्या गाडीला हे पेट्रोल सोसत नाही, हेही खरं. जुन्या रबरी नळ्या मऊ पडतात, कॉर्कचे गॅस्केट फुगतात, टाकीत वर्षानुवर्षं साचलेला चिकट गाळ सुटून जेटमध्ये अडकतो. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं आणि गाडी उभी राहिली की ते पाणी टाकीच्या तळाशी उतरतं. यावर पळवाट नाही, काम आहे. इंधनाच्या सगळ्या नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या विटॉनच्या घ्या, फिल्टर पारदर्शक लावा म्हणजे गाळ दिसेल, पावसाळ्यात गाडी चालणार नसेल तर कार्बोरेटर रिकामा करा. शिशाचा प्रश्न याहून जुना. फेब्रुवारी 2000 पासून देशभर बिनशिशाचं पेट्रोल आलं. जुन्या हेडमधल्या व्हॉल्व्हच्या सीट शिशाच्या भरवशावर टिकायच्या. हेड कधीतरी उतरवणार असाल तर तेव्हाच कडक धातूच्या सीट बसवून घ्या. केवळ त्यासाठी चांगलं चालणारं इंजिन खोलू नका.

नंदुरबारचा मे महिना हा वेगळा धडा आहे. इंजिनालगतच्या पंपात आणि नळीत पेट्रोल उकळतं, त्याची वाफ अडते आणि भर दुपारी गाडी चौकात बंद पडते. पंपावर ओलं फडकं टाकून पंधरा मिनिटं थांबलं की ती पुन्हा सुरू होते. नळी एग्झॉस्टपासून लांब फिरवून घेतली तर फडक्याची गरज फार कमी पडते.

आता ज्या गोष्टीनं माझी झोप उडवली, ती सांगतो. हेरल्डच्या पुढच्या चाकाखाली ट्रनियन नावाचा पितळी भाग असतो. त्यात एक उभा पोलादी दांडा आट्यांनी बसलेला असतो आणि स्टिअरिंग वळवलं की तो आट्यांत फिरतो. कारखान्याच्या पुस्तिकेत स्पष्ट लिहिलं आहे की, यात गिअरचं घट्ट तेल भरायचं, ग्रीस नाही. आपल्याकडे जिथे निप्पल दिसेल तिथे ग्रीसगन लावायची सवय. मीही पहिली चार वर्षं ग्रीसच भरलं. ग्रीस आट्यांच्या तळापर्यंत पोचत नाही, पाणी मात्र पोचतं. एका संध्याकाळी तळोद्याहून येऊन खळ्याच्या फाटकात वळताना डाव्या बाजूनं कडकन आवाज आला आणि चाक गाडीखाली आडवं पडलं. वेग माणसाच्या चालीएवढा होता, म्हणून कोणाला काही झालं नाही. दांडा आट्यांपाशी तुटला होता आणि तुटलेल्या तोंडाचा अर्धा भाग जुन्या गंजानं काळा पडला होता. म्हणजे तो कित्येक महिने तुटत होता. त्या दिवशी पोरं गाडीत होती. तापीच्या पुलावर हे झालं असतं तर, हा विचार आजही मनात येतो. ट्रनियनसाठी लागणारं 90 नंबरचं तेल ट्रॅक्टरच्या कोणत्याही दुकानात मिळतं. ते दर सहा महिन्यांनी भरा. या पुस्तकातलं बाकी सगळं विसरलात तरी हे विसरू नका.

त्या प्रसंगानंतर माझं गाडीकडे बघणंच बदललं. गाडी उभी करणं आणि गाडी चालती ठेवणं ही दोन वेगळी कामं आहेत. पहिल्यात उत्साह असतो, फोटो निघतात, पाहुणे येतात. दुसऱ्यात वही असते. दर रविवारी सकाळी रेडिएटरचं पाणी, ब्रेकच्या डबीची पातळी, टायरची हवा बघायची आणि दहा-पंधरा किलोमीटरचा फेरा मारायचा. ब्रेकचं तेल दर दोन वर्षांनी बदलायचं, कारण तेही हवेतलं पाणी पितं. टॅपेट थंड इंजिनावर पाव मिलिमीटर ठेवायचे. वर्षातून एकदा एकानं क्लच दाबायचा आणि दुसऱ्यानं पुढच्या क्रँक पुलीकडे बघायचं. ती मागेपुढे डोळ्यांना दिसेल इतकी सरकली तर क्रँकच्या थ्रस्ट वायसर झिजल्या आहेत, आणि ते काम पुढे ढकललं तर सबंध ब्लॉक जातो. मी बारा वर्षांत चमकणाऱ्या कितीतरी गाड्या पाहिल्या. त्यांतल्या बऱ्याच प्रदर्शनाच्या मैदानावरून ट्रकमध्ये घालून घरी जातात. मला ती गाडी जिवंत वाटत नाही. सारंगखेड्याच्या घोडेबाजारात जाणता माणूस घोड्याच्या झुलीकडे बघत नाही. तो दात बघतो, खूर उचलतो आणि मग चालवून बघतो. जुनी गाडी घेताना आणि सांभाळताना नजर अशीच हवी. या पुस्तकाची निम्म्याहून जास्त पानं देखभालीला दिली आहेत, ती याच मतानं. रंगकाम शेवटी आणि थोडक्यात आहे.

सुरक्षिततेच्या सूचना प्रत्येक प्रकरणात येतील. तीन इथेच सांगतो. जॅकवर उचललेल्या गाडीखाली घोड्या, म्हणजे लोखंडी स्टँड, लावल्याशिवाय हातसुद्धा घालू नका. जुन्या ब्रेक लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टस असतो, तेव्हा ड्रममधली धूळ फुंकू नका आणि हवेच्या पाइपनं उडवू नका, ती ओल्या फडक्यानं पुसा. आजचा टू-के रंग बंद खोलीत साध्या रुमालावर मारू नका, त्यातल्या आयसोसायनेटनं फुप्फुसं कायमची बिघडतात.

कागदपत्रांचं थोडक्यात. नंदुरबार जिल्हा 1 जुलै 1998 ला धुळ्यातून वेगळा झाला. त्याआधीच्या आपल्या गाड्यांची मूळ नोंद धुळ्याला असू शकते, तेव्हा जुनं आरसी बुक जिवापाड जपा. जुलै 2021 मध्ये केंद्रानं पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी व्हिंटेज नोंदणीचे नियम काढले. नवी नोंदणी 20,000 रुपये, फेरनोंदणी 5,000 रुपये, आणि नंबरात व्हीए ही अक्षरं. पण अशी नोंदणी केलेली गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, संशोधन, इंधन भरणं आणि दुरुस्ती एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर यावी, असा नियम आहे. रविवारी पोरांना घेऊन शहाद्याला जाणाऱ्या माझ्यासारख्या माणसानं साधी नोंदणीच वेळेवर नूतन करत राहावी, असं माझं मत आहे.

हे पुस्तक एकट्याचं नाही. ते म्हातारे मिस्तरी आता नाहीत. इंजिन पहिल्यांदा सुरू झालं त्या सकाळी ते खाटेवर बसून होते. आवाज ऐकून म्हणाले, "तीन नंबर चुकतोय." प्लग काढला तर खरंच तीन नंबरचा ओला होता. पुस्तकातलं आवाजावरून दोष ओळखण्याचं प्रकरण सगळं त्यांचं आहे, मी फक्त लिहून घेतलं. घरच्यांनी बारा वर्षं खळ्यात धान्याच्या जागी गिअरबॉक्स सहन केला. इंधनाच्या नळ्यांचा नकाशा माझ्या मुलीनं काढला आहे आणि तो कारखान्याच्या नकाशापेक्षा स्पष्ट आहे.

वाचकांना एक विनंती आहे. तुमच्या माळ्यावर स्टँडर्डची छापील पुस्तिका, जुनं सर्व्हिस बिल, डब्यातला एखादा न वापरलेला भाग असेल तर तो रद्दीवाल्याला देऊ नका. मार्क थ्रीचे काही भाग फक्त मद्रासला बनले, ते स्पिटफायरच्या बाजारातही मिळत नाहीत. असा एक भाग मोजून घेतला तर लेथवर दहा बनतात. जुना मिस्तरी ओळखीचा असेल तर त्याच्याजवळ वही घेऊन बसा.

आणि पुढचं पान उलटण्याआधी गाडीची पुढची बाजू उचला, घोड्या लावा आणि दोन्ही ट्रनियनमध्ये 90 नंबरचं तेल भरून घ्या. पहिलं प्रकरण त्यानंतर वाचलं तरी चालेल.

प्रकाशा, ता. शहादा, जि. नंदुरबार